पाच चाळीसची गोळी

मंगळवारी सकाळी पाच चाळीसला आप्पांनी माझ्या हातात गोळी आणि पाण्याचा पेला दिला. सहाला त्यांनी माझ्या मुलीची गोळी चुरून तिला चमच्याने पाजली. सव्वासहाला ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. सहा चाळीसला मी चहा घेऊन गेले, तेव्हा ते गेले होते.

आप्पा म्हणजे माझे सासरे. शहराच्या बससेवेत त्यांनी एकतीस वर्षं टाइमकीपर म्हणून काढली, त्यातली शेवटची अकरा स्वारगेटला. कुठली गाडी किती वाजता सुटली आणि किती उशिरा आली हे लिहायचं, आणि उशिरा आणणाऱ्या ड्रायव्हरकडे चष्म्यावरून बघायचं, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर लिहायला गाड्या उरल्या नाहीत, पण बघायला आम्ही होतो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मुलगी होईपर्यंत बिबवेवाडीतल्या तिसऱ्या मजल्यावर आप्पा, माझा नवरा आणि मी असे तिघंच. नवरा हडपसरला आयटी कंपनीत. त्याचं काम दुपारी सुरू होई, म्हणून त्याची सकाळ आमच्या दहा वाजता उजाडे. मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. शांत बसण्याचा मला पगार मिळतो. त्यामुळे सकाळी घरात दोन माणसं जागी असत आणि एक घड्याळ बोलत असे.

त्या मंगळवारी दुपारी आप्पांचे डेपोतले एक जुने सहकारी भेटायला आले. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, किती वाजता? मी म्हटलं, सव्वासहा ते सहा चाळीसच्या दरम्यान. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "त्यांना नक्की वेळ आवडली असती."

मी हसले. घरात तेरा दिवस बरेच लोक येऊन गेले, पण मला धीर आला तो या एका वाक्याने.

गोळीची गोष्ट माझ्या गरोदरपणापासून सुरू होते. मला दुसरा महिना होता. पहिल्याच रक्ततपासणीत थायरॉइड कमी काम करत असल्याचं निघालं. मला काहीच होत नव्हतं. थकवा होता, पण तो मी नवऱ्याच्या स्वभावाच्या खाती टाकला होता. आमच्या डॉक्टरीणबाई भराभर बोलणाऱ्या. त्यांनी सांगितलं की पहिले काही महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, ते आईच्याच डब्यातलं खातं. "आणि तुमचा डबा अर्धा आहे," त्या म्हणाल्या. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर तासभर काही नाही, चहासुद्धा नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास लांब ठेवायच्या, कारण त्या हिला शोषू देत नाहीत.

मी घरी येऊन वाचलं. वाचण्याची सवय वाईट. आईचा हा डबा रिकामा राहिला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीत कमी पडू शकतं, हे एका जाड पुस्तकात शांतपणे छापलेलं होतं. ते वाक्य मी कोणाला दाखवलं नाही. पण पुस्तक टेबलावर राहिलं, आणि आप्पांनी चष्मा लावून तेच पान वाचलं, हे मला पानात ठेवलेल्या जुन्या तिकिटावरून कळलं. आप्पा पुस्तकात खूण म्हणून तिकीटच ठेवत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून नवऱ्याच्या लहानपणीचा फळा काढला, ओल्या फडक्याने पुसला आणि स्वयंपाकघराच्या दारामागे टांगला. त्यावर खडूने लिहिलं:

५.४० गोळी सुटेल.
६.४० चहा.
१.३० लोह.
९.०० कॅल्शियम.
दोन गाड्या एका फलाटावर लावू नयेत.

एक वहीही केली. गोळी घेतली की मी सही करायची. गोळी पन्नास मायक्रोग्रॅमची होती, म्हणून तिचं नाव पन्नास नंबर. पाच अडतीसला ते दाराशी येऊन खाकरत. पाच एकोणचाळीसला पेला पुढे येई. मी गोळी गिळली की ते म्हणत, "सुटली." मग एक तास आम्ही दोघं चहाशिवाय समोरासमोर बसायचो, कारण सून चहाविना असताना आपण घेणं त्यांना प्रशस्त वाटेना. पस्तीस वर्षांची पाचच्या चहाची सवय त्यांनी माझ्यासाठी सहा चाळीसवर नेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. फक्त सहा पस्तीसपासून पातेल्याकडे बघत.

तिसऱ्या महिन्यात उलट्यांनी मी हैराण झाले, तेव्हा वर्ध्याहून माझी आई आली. येताना तिने डिंक, अळीव, खारीक आणि शतावरीची पूड आणली. आप्पा आणि आई एकमेकांशी अतिशय आदराने वागत. तो आदर इतका होता की दोघांत भांडण आहे हे कळायला मला आठवडा लागला. आप्पा म्हणायचे, विहीणबाईंनी लाडू जरूर करावेत, फक्त दीडनंतर. आई आप्पांना भाऊ म्हणे; ती म्हणायची, भाऊंचं बरोबरच आहे, पण पोर काही बस नाही.

पुढची तपासणी झाली. आकडा उतरायला हवा होता, तो चढला. डॉक्टरीणबाईंनी गोळी पंच्याहत्तरची केली. महिन्याने पुन्हा बघितलं, अजून हवा तसा नाही. शंभर केली. तिसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, गोळी खरंच घेता, की ठेवून देता? आप्पा माझ्याबरोबर आले होते. त्यांनी पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. एकही दिवस कोरा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी पानं चाळली.

"घेतल्याची सही आहे," त्या म्हणाल्या. "पोटात पोचल्याची कुठे आहे?"

रिक्षात आप्पा वही मांडीवर धरून बसले. त्यांच्या नोकरीत वहीवर कोणी शंका घेतली नव्हती. घरी आल्यावर त्यांनी खडूचा तुकडा उचलला, फळ्याकडे बघितलं आणि परत ठेवला.

डेपोत तपासणी न सांगता होत असे. दुसऱ्या दिवशी ते साडेपाचऐवजी पाचलाच उठले आणि बैठकीच्या कोपऱ्यात, जिथून स्वयंपाकघर दिसतं तिथे, खुर्ची टाकून बसले. आईला ते दिसले नाहीत. पाच वीसला तिने गॅस लावला, दूध कोमट केलं, त्यात शतावरी ढवळली आणि पेला घेऊन माझ्या खोलीकडे निघाली. मी दारातच उभी होते. मी तो पेला हातात घेतला, जसा दोन महिने रोज घेत होते, आणि कोपऱ्यातून खाकरल्याचा आवाज आला.

"विहीणबाई," आप्पा म्हणाले, "हे दूध केव्हापासून?"

"आली तेव्हापासून," आई म्हणाली. लपवण्यासारखं काही आहे हे तिच्या गावीही नव्हतं. "रिकाम्या पोटी एवढी गरम गोळी द्यायची पोरीले? आतडं जळून जाईन ना भाऊ. तुमच्या गोळीच्या नंतर मी एक थेंब तरी दिला का?"

नव्हता दिला. तेच तर खरं होतं. फळ्यावर पाच चाळीसनंतरचं सगळं लिहिलं होतं आणि आई ते तंतोतंत पाळत होती. पाच चाळीसच्या आधी फळा कोरा होता. आणि मी? डॉक्टरीणबाईंनी उपाशीपोटी म्हटलेलं मी ऐकलं होतं. पण पहाटे आईने डोक्यावरून हात फिरवून ओठांना लावलेलं दूध हे खाणं आहे, असं मला वाटलंच नाही. आमच्या घरी चमच्याने किंवा पेल्याने आईच्या हातून येतं ते सगळं औषधातच धरतात. गोळीखाली ते एक अस्तर, एवढंच. ग्रंथालयातली सगळी पुस्तकं वाचणाऱ्या बाईने दोन महिने असा विचार केला.

मला वाटलं आप्पा आता आईला काहीतरी बोलणार. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "चूक माझी हाय. पहिली गाडी सुटायच्या आधी डेपोत काय होतं, ते मी लिहिलंच नाही."

आप्पांचं मूळ गाव हडपसरपलीकडचं, शहरात कधीच विरून गेलेलं. डेपोच्या नोकरीने त्यांची भाषा छापील केली होती. घाबरले की मात्र गावाकडचा 'हाय' परत येई. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

ते उठले आणि पाच चाळीसच्या वर लिहिलं: "याआधी काहीही नाही." आई दुखावली. दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फळ्यावर तिच्या गोल अक्षरात ओळ दिसली: "दूध १० वाजता. जमेल का?" त्याखाली संध्याकाळी सरळ अक्षर आलं: "जमेल. शतावरीसह." त्यानंतर दोघांचा बराचसा व्यवहार फळ्यावरच होऊ लागला. समोरासमोर असतानाही एकाने लिहायचं, दुसऱ्याने वाचायचं. नवरा दहाला उठून दात घासत फळा वाची आणि घरात काय चाललंय ते त्याला कळे.

दूध बाजूला झाल्यावर शंभर नंबर इतकी जोरात पळाली की डॉक्टरीणबाईंना ती परत पंच्याहत्तरवर आणावी लागली. आकडा जागेवर आला. पण त्या दोन महिन्यांचं काय, हे मी विचारलं नाही. कोणीच विचारलं नाही.

मुलगी वेळेवर झाली. आप्पांनी दवाखान्याच्या भिंतीवरचं घड्याळ आणि आपलं घड्याळ जुळवून वेळ टिपली. तिसऱ्या दिवशी तिच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतले. ही तपासणी आता बऱ्याच ठिकाणी करतात, मुद्दाम आमच्यासाठी नव्हती. सहाव्या दिवशी फोन आला की पुन्हा करावी लागेल. पुन्हा केली. तिच्यातही थायरॉइड कमी निघालं.

लहान मुलांच्या डॉक्टरांसमोर आम्ही चौघं बसलो: मी, नवरा, आई आणि आप्पा. मुलगी माझ्या मांडीवर गाढ झोपलेली. ती फार झोपायची, रडायची फार थोडं. येणारे-जाणारे म्हणत, किती शहाणं बाळ. मला आता त्या शहाणपणाची भीती वाटत होती. मी आठवडाभर तयार केलेलं वाक्य कसंबसं बोलले: गरोदरपणात दोन महिने मी गोळी दुधावर घेत होते, त्याने हे झालं का?

डॉक्टर म्हणाले, नाही. आईच्या रक्तात थायरॉइडविरुद्ध काम करणारे घटक असतात, ते कधी बाळाकडे जातात आणि काही महिन्यांत विरतात. किंवा हिची स्वतःची ग्रंथी मुळातच मंद असेल. सोनोग्राफीत ग्रंथी जागेवर दिसत होती. दोन्हीपैकी काय ते आज कळणार नाही. "आज थांबायचं कारण नाही. रोज गोळी द्या. तीन वर्षांनी थोडे दिवस बंद करून बघू."

मग आप्पा पुढे वाकले.

"पोरीचं डोकं ठीक हाय ना?"

"आजपासून रोज गोळी दिलीत तर ठीक राहील," डॉक्टर म्हणाले. "रोज म्हणजे रोज. कोण देणार?"

आप्पांनी शाळेत करतात तसा हात वर केला.

बाहेर आल्यावर जिन्यात त्यांनी माझ्यासाठी सारांश केला: गाडी डेपोत आहे, फक्त चालू होते का ते बघायचंय. मला तोपर्यंत रडू आलं नव्हतं. मग आलं.

तान्ह्या बाळाला गोळी गिळता येत नाही. ती दोन चमच्यांमध्ये चुरायची आणि माझ्या चमचाभर दुधात कालवून पाजायची. आईने आपलं पिढीजात चांदीचं बोंडलं काढून दिलं, तेव्हा आप्पांनी डॉक्टरांनाच फोन केला आणि सांगितलं की गोळीचा चुरा त्याच्या नळीत अडकून राहू शकतो, म्हणून चमचाच. आई बोंडलं पुसून परत डब्यात ठेवताना म्हणाली, "आईनं दूध पिऊन गोळी घेतली तर गुन्हा. लेक दुधात कालवून घेते ते औषध. डॉक्टर लोकायचं काही समजत नाही."

"विहीणबाई," आप्पा म्हणाले, "हा चमचा आहे. तुमचा पेला होता."

आई हसली. हे भांडण तिथे संपलं असं मी समजत होते, पण पुढच्या तीन वर्षांत ती दर दिवाळीला आली की दोघं ते पहिल्यापासून पुन्हा भांडत.

गोळी पुरती बारीक व्हायला किती वेळ लागतो, हे आप्पांनी ठरवून टाकलं होतं. चुरताना ते स्वारगेट ते हडपसरचे थांबे म्हणत. स्वारगेट, गोळीबार मैदान, पुलगेट, रेसकोर्स, भैरोबा नाला, फातिमानगर, रामटेकडी, वैदूवाडी, मगरपट्टा, गाडीतळ. गाडीतळ आला की गोळीचं पीठ झालेलं असे. मुलगी चमच्याकडे न बघता त्यांच्या तोंडाकडे बघे आणि गाडीतळला तोंड उघडे.

तिचं पहिलं हसू, पालथं पडणं, बसणं, सगळं वहीत वेळेसह आहे. बसणं वेळेवर. उभं राहणं सात दिवस लेट, शेजारी आप्पांनी लिहिलंय, "कारण: थंडी." बोलणं मात्र येईना. वर्ष झालं, दीड वर्ष झालं. समोरच्या घरातलं तिच्याच वयाचं मूल आईला फ्रिज उघडायला सांगायचं. मी पुन्हा पुस्तकं आणू लागले. ती मी आता पिशवीतच ठेवी, तरी पानांत तिकिटं सापडत.

ती एकोणीस महिन्यांची असताना एका सकाळी आप्पा चुरता चुरता खोकले आणि मगरपट्ट्याला थांबले. खोकला लांबला. माझ्या मुलीने वाट बघितली, मग स्पष्ट म्हणाली, "गाडीतळ."

'आई' म्हणाली नाही, 'बाबा' म्हणाली नाही. आप्पांनी डोळे पुसले, ते खोकल्यामुळे असं सांगितलं, आणि वहीत लिहिलं, "आगमन." नवऱ्याला त्या दिवशी साडेसहाला उठवलं. त्याने कारण ऐकलं, मुलीकडे बघितलं, आणि पुन्हा झोपला नाही.

तिसरा वाढदिवस दोन महिन्यांवर होता, तेव्हा तो मंगळवार आला.

बुधवारी घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. मुलीला आजोबा गावाला गेलेत असं कोणीतरी सांगितलं होतं. पाच चाळीसला मी माझी गोळी स्वतःच घेतली. "सुटली" म्हणायला कोणी नव्हतं. सहाला मी दोन चमचे घेतले आणि तिची गोळी चुरली. चमचा पुढे केला. तिने तोंड मिटलं. मी गोड बोलले, मग रागावले. ती तशीच. मग मला समजलं आणि मी थांबे म्हणायला लागले. पाठ आहेत असं मला वाटत होतं. भैरोबा नाल्यापर्यंत नीट गेले. फातिमानगर, वैदूवाडी, मगरपट्टा, गाडीतळ. चमचा पुढे केला. तोंड मिटलेलंच.

"रामटेकडी राहिली," ती म्हणाली.

मी स्वारगेटपासून पुन्हा सुरू केलं.

वाढदिवसानंतर डॉक्टरांनी गोळी बंद करायला सांगितली आणि महिन्याने रक्त तपासायचं ठरलं. त्या महिन्यात सहा वाजता आम्ही रिकामे चमचे घेऊन नुसते थांबे म्हणत होतो, कारण मुलगी ऐकेना. ती सुस्त वाटते का, जास्त झोपते का, हे मी इतकं बघत होते की एकदा तिनेच मला विचारलं, "काय बघतेस?"

रक्त दिलं त्या दिवशी डॉक्टरांनी फाईल उघडली आणि विचारलं, ते आजोबा आले नाहीत? मी सांगितलं. त्यांनी फाईल मिटून बाजूला ठेवली. मग मुलीला म्हणाले, "आजोबांनी काय काय शिकवलं तुला?"

तिने थांबे म्हणून दाखवले, रामटेकडीसकट. डॉक्टरांनी मान डोलावली आणि सहज विचारलं, "हडपसरला पोचलीस. आता घरी कसं येणार?"

हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. आप्पांची गाडी कधी परत आलीच नव्हती. गाडीतळाला गोळी असायची. ती खुर्चीत पाय हलवत विचार करत बसली. मग एकेक थांबा उलटा शोधत निघाली. गाडीतळ, मगरपट्टा, वैदूवाडी, रामटेकडी. फातिमानगरला अडली, माझ्याकडे बघितलं, मी गप्प राहिले. भैरोबा नाला, रेसकोर्स, पुलगेट, गोळीबार मैदान, स्वारगेट.

"डोकं ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. प्रश्न तीन वर्षांपूर्वीचा होता, आणि तो कोणाचा होता हे त्यांच्या लक्षात होतं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला. तिची ग्रंथी आपली आपण चालू झाली होती. मी वर्ध्याला फोन केला. आई म्हणाली, "भाऊंनी लिहिलं असतं फळ्यावर." मी म्हटलं, तू आलीस की लिही. दिवाळीला तिने लिहिलं. शब्द एकच आहे, गोल अक्षरात: "पोचली."

मुलीची गोळी बंद झाली आहे. माझी चालू आहे, ती जन्मभराची. पाच चाळीसला घेते, त्याआधी काही नाही. चहा सहा चाळीसला.